तिकिटावरचे साडेपाच तास

सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी देवानंदच्या खिशातला फोन थरथरला, तेव्हा तो बुलढाणा स्टँडच्या माइकवर मेहकरची एस.टी. पुकारत होता. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं, बुलढाणा–मेहकर, मार्गे चिखली..." एवढं झालं आणि त्यानं डाव्या हातानं फोन काढून पाहिला. माय. आवाज अर्ध्यातच अडखळला. चोवीस वर्षांच्या नोकरीत मायनं ड्युटीच्या वेळी त्याला दोनदा फोन केला असेल-नसेल. ड्युटीवरच्या माणसाला घरच्यांनी छेडू नये, हा बाबांच्या वेळचा नियम. बाबा जाऊन चोवीस वर्षं झाली तरी तो नियम घरात त्यांच्या फोटोसारखाच जागेवर होता. देवानंदनं फलाट क्रमांक दोनदा सांगितला, माइक बंद केला आणि फोन कानाला लावला.

"देवा, सात वाजले ना," माय म्हणाली.

"हाव."

"मंग उतरला असन ना प्रसेनजित? तुह्या फोनमंधी पाह्य बरं जरा."

प्रसेनजित म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. पंधरा दिवस राहून काल सकाळी भाड्याच्या गाडीनं मुंबईला गेला होता आणि रात्री दीडच्या विमानानं न्यू यॉर्कला निघाला होता. क्षणभर देवानंदच्याही डोक्यात आकडे वजा झाले: सुटली दीडला, पोचली सातला, साडेपाच तास. एस.टी.च्या घरात वाढलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, मधली वजाबाकी म्हणजे प्रवास. मग त्याला लख्ख कळलं की माय काय धरून बसली आहे. त्यानं फोनवरचा नकाशा उघडला. प्रसेनजितनंच तो त्याच्या फोनात टाकून दिला होता, "दादा, तुले घरबसल्या दिसन मी कुठं हावो तं." छोटंसं पिवळं विमान काळ्या समुद्राच्या काठावर कुठंतरी टेकल्यासारखं दिसत होतं. एकूण अंतर साडेबारा हजार किलोमीटर. पोचायला अजून साडेदहा तास. तिकिटावर सकाळचे सात लिहिलेले होते ते तिकडचे सात. इकडं तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. दिवसातून दीडशे वेळा तो लोकांना गाडीची खरी वेळ सांगत होता, त्याचाच तर पगार घेत होता.

"हाव, उतरला," तो म्हणाला.

"बरं झालं बाप्पा. फोन नाही आला त्याचा."

"सामान घ्या लागते, कागदं दाखवा लागते. करन दुपारी."

"मंग झाडून घेतो मी आता. कालपासून पडेल हाये घर." माय थोडी थांबली. "आन् त्याचा फोन आला का त्याले सांगून देतो, उन्हाळ्यात मी येतो तिकडं म्हणून. साडेपाच तासाचं तं हाये. माहेरी बीबीले जाऊन येनं झालं."

तिनं फोन ठेवला. खिडकीपाशी चिखलीचा कंडक्टर नोंदीसाठी कागद पुढं करून उभा होता. देवानंदनं वेळ घातली, सही केली आणि कंडक्टर गेल्यावर मागं राहिलेल्या प्रतीवर पाहिलं तर वेळ पाच-तीस लिहिली होती. अशी चूक त्याच्या हातून होत नसे. खोडावं की नवीन कागद घ्यावा, हे त्याला बराच वेळ ठरवता आलं नाही.

मायनं ते खरं धरलं यापेक्षा आपण खोटं का बोललो, हे त्याला जास्त टोचत होतं. सोपं कारण त्याच्याकडे होतं: साडेदहा तास म्हातारीनं फोनकडं बघत का बसावं? पण हे कारण धुतलेल्या शर्टासारखं होतं, लोकांत घालायचं. आतलं कारण वेगळं होतं आणि ते त्याला ठाऊक होतं. प्रसेनजित वर आकाशात आहे म्हणून ती घर झाडणार नव्हती. तो वर आहे तोवर तिचा जीव त्याच्या विमानाला बांधलेला राहणार होता, काल सकाळपासून होताच, आणि देवानंदला ते आणखी एक तासही बघवत नव्हतं. उतरला म्हटलं की संपलं. पोटात दुखतं म्हणतात ते नुसतं म्हणायला नाही. खरंच बरगड्यांच्या खाली, डावीकडं, दुखत होतं.

मायची ती सवय जुनी. घरातलं माणूस प्रवासाला गेलं की ते पोचल्याची खबर येईपर्यंत ती घर झाडत नसे. गेलेल्या माणसाची पावलं केरात असतात, ती लोटून टाकायची नाहीत, असं तिच्या आईनं तिला बीबीला सांगितलं होतं. बाबा, म्हणजे पुंजाजी कंडक्टर, बुलढाणा–जळगाव जामोद गाडीवर असत. सकाळी सहा-दहाला जात, राजूर घाट उतरून मोताळा, नांदुरा करत जळगावला आणि दुपारी दोनला परत. शेजारपाजारच्या घरांत सकाळीच अंगणं झाडून व्हायची. यांच्या घरात मात्र बाबांची टोपी खुंटीवर लागल्याशिवाय झाडू हलत नसे. सिंधूताईचं घर दुपारी उजाडते, असं गल्लीतल्या बाया म्हणत. बाबा हसून म्हणायचे, "अवं सिंधू, भिंतीवर बाबासाहेब हायेत, खाली भगवान बुद्ध हायेत, आन् तू हे काय धरून बसली?" ती म्हणायची, "मी काय कोन्या देवाले करून राह्यली का? हात वळत नाही माहा." देवानंदला लहानपणी तो केर आवडायचा. सकाळच्या शाळेतून बारा वाजता यावं तर घर सकाळचंच असायचं, दप्तराच्या जागी पेन्सिलीचा भुसा, चुलीपाशी कांद्याची सालं, सगळं जिथल्या तिथं आणि माय दारात.

ज्या दिवशी बाबा जळगावच्या स्टँडवर छातीत कळ येऊन गेले, त्या दिवशीचा केर कोणी झाडला हे त्याला आठवत नव्हतं. नंतरचं मात्र सगळं आठवत होतं. नोकरीत असताना माणूस गेला की घरातल्या एकाला नोकरी मिळते. एकालाच. तो वीस वर्षांचा होता, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. प्रसेनजित तेरा वर्षांचा. मायनं विचारलंसुद्धा नव्हतं. अर्ज पुढं ठेवला आणि बोटानं सहीची जागा दाखवली. त्यात अन्याय काही नव्हता, तेरा वर्षांच्या पोराला कोण कंडक्टर करतं? हे त्यानं चोवीस वर्षांत शेकडो वेळा स्वतःला समजावलं होतं आणि दर वेळी पटलंही होतं. पण पहिल्या ड्युटीचा दिवस. बाबांचीच गाडी, बाबांचाच मार्ग, तिकिटांची पेटी छातीशी घेऊन तो घाट उतरला, नांदुऱ्याच्या गर्दीत तिकिटं फाडताना बोटं सोलली, आणि दुपारी दोन-दहाला घराच्या दारात उभा राहिला. आत पाऊल टाकण्याआधी त्यानं खाली पाहिलं. फरशी स्वच्छ होती. नुसती झाडलेली नव्हे, पुसलेली. एका कोपऱ्यात ओल वाळत होती. माय आतून म्हणाली, "आला का? हातपाय धू, वाढतो." तो हातपाय धुऊन जेवायला बसला. पण त्या दिवसापासून आजपर्यंत, कंडक्टर म्हणून चौदा वर्षं आणि वाहतूक नियंत्रक म्हणून दहा, घरात शिरताना त्याची नजर आधी जमिनीकडं जाते. रोज जमीन झाडलेली असते. एका कामसू बाईच्या घरात असावी तशी.

दहाच्या सुमाराला चहा आला तो निवून गेला. नकाशावर विमान इंचभर सरकलं होतं. जळगाव जामोदच्या गाडीला वीस मिनिटं उशीर, एक म्हातारा खिडकीत वाकून विचारत होता, "साहेब, नक्की येते ना?" देवानंद म्हणाला, "येईल बाबा, घाटात आहे." माइकवर आणि खिडकीत तो पुस्तकातली मराठी बोलत असे. घरची भाषा घरी. आणि इथंच त्याला प्रसेनजितचं बोलणं आठवलं. पुण्यात शिकायला गेला तेव्हा सहा महिन्यांत त्यानं 'मले' टाकून 'मला' धरलं होतं. सुट्टीत आला की मायलाच दुरुस्त करायचा. आता अमेरिकेत बारा वर्षं काढल्यावर त्याला वऱ्हाडीचा पुळका आला होता. पंधरा दिवस नुसतं काऊन बे आणि कायले बे. गल्लीतल्या पोरांशी, भाजीवाल्याशी, सगळ्यांशी. माय तोंडाला पदर लावून हसत होती, "पाह्य रे, इसरला नाही." जो कधी विसरलाच नाही, ज्याला विसरायला कुठं जाताच आलं नाही, त्याच्या बोलण्याला कोण हसणार? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. जायच्या आदल्या दिवशी शेतातून हरभऱ्याचे घाटे आणले होते. प्रसेनजित मांडी घालून सोलत बसला, टरफलं सगळीकडं उडवत, आणि मायनं त्याच्या हाताखालची टरफलं गोळा केली नाहीत. नुसती बघत राहिली.

ते तिकीटही त्याच संध्याकाळी बॅगेतून निघालं. याआधी तो दोन विमानं बदलून जायचा, कधी पोचायचा त्याचा हिशेब घरात कोणी मांडत नसे. या वेळी थेट विमान होतं. त्यानं कागद मायच्या हातात दिला. माय चौथी शिकलेली. अक्षरांत अडखळते, पण आकडे तिला बाबांच्या ड्युटीच्या कागदानं शिकवलेले. तिनं बोट ठेवून वाचलं, एक-तीस, मग सात-शून्य-शून्य, आणि ओठ हलवून वजाबाकी केली. "साडेपाच तास? इतल्यात अमेरिका?" इकडं दिवस तेव्हा तिकडं रात्र, हे तिला पाठ होतं, पण ते फोनचं ज्ञान होतं, कधी फोन करायचा आणि कधी नाही एवढ्यापुरतं. तिकिटाच्या कागदाला ते लावायचं असतं हे तिच्या मनातही आलं नाही. येतानाच्या तिकिटावर वजाबाकी केली तर पंचवीस तासांच्या वर भरली. तिनं त्यालाही तोड काढली: जाताना जलद गाडी असेल, येताना सगळे थांबे घेत असेल. प्रसेनजित हसला. त्यानं देवानंदकडं बघितलं. देवानंदनं त्याच्याकडं. दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही गप्प बसले. तेव्हाच प्रसेनजित म्हणाला, "मंग चाल ना माय, उन्हाळ्यात. सहा महिने राह्य. पटलं तं अजून राह्य. मी उतरल्यावर फोन करतो, तवा सांगजो हाव का नाही ते. मी पुढचं पाह्यतो." तो खोटं बोलला नव्हता. त्यानं फक्त मायची वजाबाकी खोडली नव्हती. त्या वजाबाकीनं त्याची अमेरिका मायच्या मनात बीबीपेक्षा जवळ आली होती, आणि चोवीस वर्षं तिच्या हाताच्या अंतरावर राहणारा देवानंद होता तिथंच राहिला होता.

दोनला ड्युटी संपली. स्टँडपासून घर चालत बारा मिनिटं. वाटेत त्याचं ठरत गेलं. माय सत्तरीला आली आहे, गुडघे सुजलेले, पंगतीतसुद्धा तिला अर्धा तास सलग बसवत नाही. सोळा तास एका खुर्चीत, खाली समुद्र, हे ऐकलं की ती नको म्हणेल. नक्की नको म्हणेल. आणि हे सांगणं म्हणजे खरं सांगणं. खऱ्याला कोण नाव ठेवणार? सकाळचं खोटं धुऊन निघेल, वर काम होईल. फोनवर तीन तास तेरा मिनिटं उरलेली दिसत होती. त्याच्या आत बोलायला हवं होतं. तो भरभर चालू लागला. एकदा त्याला वाटलं की आपण माणूस म्हणून फार लहान झालो आहोत. मग वाटलं, असू दे. लहान तर लहान.

घरात शिरताना नजर खाली गेली. फरशी लख्ख होती, कोपऱ्यात ओल वाळत होती. माय पलंगाच्या कडेला बसून गुडघ्याला तेल चोळत होती, फोन शेजारी उताणा.

"नाही आला अजून त्याचा फोन," ती म्हणाली.

देवानंद पाणी प्यायला. त्यानं पेला पालथा घातला. "माय, साडेपाच तास नसते लागत," तो म्हणाला. "सोळा तास लागते. तिकिटावर तिकडचा टाइम लिहेल असते. साडेबारा हजार किलोमीटर हाये ते. आपल्या स्टँडवरून जळगावले सत्तर वेळा जाऊन या लागन, इतलं. सोळा तास एका जागी बसून राहा लागते, पाय लांब करता येत नाही." हे त्यानं खिडकीतल्या माणसाला सांगावं तसं, सुटं सुटं करून सांगितलं, आणि तिच्या चेहऱ्याकडं बघत थांबला. आता ती म्हणेल, अरे बाप्पा, मले नाही जमत. ते शब्द त्याला जवळजवळ ऐकू आले.

माय गुडघ्यावरचा हात तिथंच ठेवून म्हणाली, "म्हंजे तो अजून वरच हाये?"

"हाव. साडेपाचले उतरन."

"तू तं उतरला म्हणला."

देवानंदनं पालथा पेला उगाच सुलटा केला.

"म्या झाडून टाकलं ना रे," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. ती उठली, भिंत धरून, एक गुडघा आधी मग दुसरा, आणि चपला न घालता बाहेर गेली. फाटकापाशी कचऱ्याचा डबा होता. घंटागाडी आज आलेली नव्हती. देवानंद दारात उभा राहून बघत होता. तिनं डबा तिरपा केला, आतलं सुपलीत ओढलं, भाजीचा ओला भाग बाजूला केला, आणि सुपली दोन्ही हातांनी धरून आत आली. त्याला वाटलं ती ते कुठंतरी कोपऱ्यात ठेवेल. तिनं ते मुठीमुठीनं फरशीवर टाकायला सुरुवात केली. पलंगाखाली, जिथं प्रसेनजितची बॅग होती. दारापाशी, जिथं त्यानं बूट घातले. हरभऱ्याच्या घाट्यांची टरफलं, चॉकलेटचा सोनेरी कागद, केस, माती, कुणाच्या तरी शर्टाचं बटण. चोवीस वर्षं तो ज्या स्वच्छ फरशीवर पाय ठेवत आला होता, त्या फरशीवर त्याची माय कचरा पसरत होती, आणि प्रत्येक मूठ कुठं पडायला हवी हे तिला नेमकं माहीत होतं. त्याला त्या टरफलांचासुद्धा हेवा वाटला.

"माय," तो म्हणाला, आणि आपल्या आवाजानं तोच दचकला, कारण तो वीस वर्षांच्या पोराचा होता. "माह्यासाठी कधी राखला का वं तू केर? एक दिवस तरी?"

ती वाकलेलीच मान वळवून बघू लागली. तिला प्रश्न खरंच कळला नसावा. "तू कुठं गेलता?" ती म्हणाली. "तू तं ड्युटीवर जाते. येतच असते."

मग ती पुन्हा पलंगावर बसली, पाय वर घेऊन. त्यानंही चपला दाराबाहेर काढून ठेवल्या आणि भिंतीला लागून, टरफलं चुकवत, स्टुलावर जाऊन बसला. जेवण राहिलं. बाहेरून एक भंगारवाला ओरडत गेला. देवानंदला वाटलं होतं की हे विचारलं की काहीतरी फुटेल, ती रडेल, नाही तर आपण रडू. तसं काही झालं नाही. ती फोनकडं बघत होती. तो तिच्याकडं बघत होता, आणि मग, बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून, त्यानं फोन काढून नकाशा उघडला. विमानाखाली निळ्याशिवाय काही नव्हतं. त्यात एक माणूस पाय आखडून बसलेला, तेरा वर्षांचा असताना जो बाबांची टोपी घालून झोपायचा. पहिल्यांदाच त्यानं नकाशात भावाला शोधलं, विमानाला नाही. पोटातलं दुखणं तसंच होतं. फक्त त्याच्या शेजारी आणखी एक काहीतरी येऊन बसलं होतं.

तीनच्या सुमाराला त्याची बायको मंजुश्री शिवणवर्गावरून आली. दारातच थांबली. "अवो, हे काय हो? सकाळी तं आत्याबाई झाडून राह्यल्या होत्या," असं म्हणत तिनं पिशवी टेकवली आणि दारामागचा झाडू उचलला. बाई घरात आली की हात आपोआप जातो, तसा. झाडूचा पहिला फटका दारापाशी पडणार, तेवढ्यात देवानंद स्टुलावरून उठला आणि त्यानं झाडू धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "अजून अडीच तास हायेत. उतरू दे त्याले."

मंजुश्रीनं आधी त्याच्याकडं, मग सासूकडं पाहिलं आणि झाडू सोडला. त्यानं तो दारामागं नेऊन उभा केला. वळला तेव्हा माय त्याच्याकडं बघत होती. इतकं निरखून तिनं त्याला किती वर्षांत पाहिलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण गेला होता. कपाळ मोकळं झालं होतं, आणि क्षणभर त्याला वाटलं की यासाठीच आपण चोवीस वर्षं खाली बघत घरात येत होतो.

"जमते तुले," माय म्हणाली. "मले तेच भेव होतं, का माह्यामागं इथं केर कोन राखन. मी जाईन तवा बी असंच राखजो. सोळा तास तं सोळा तास, मी बसतो." तिनं फोन उचलून पदरानं पुसला आणि मांडीवर ठेवला. "साडेपाचले त्याले हाव म्हणून सांगतो."

देवानंद पुन्हा स्टुलावर जाऊन बसला. पायाखाली एक टरफल कुरकुरलं, म्हणून त्यानं पाय उचलून बाजूला ठेवला.